पार्टीला जायचंय, प्यायची नाहीये, आणि गुड न्यूज पण नाहीये

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय):

"ताई, नमस्कार. मी ३३ वर्षांची, माहेर वडोदरा, सासर इंदूर, घर रामबागेत, नोकरी विजयनगरला आयटीत. आमचा आठ जणांचा ग्रुप आहे, चार जोड्या. दर शनिवारी कुणाच्या तरी घरी बसणं होतं, पावसाळ्यात चोरलकडे फार्महाऊसवर. मी व्होडकाचे दोन-तीन लार्ज घेते, कधी जास्त. व्यसन वगैरे नाही, बाकी दिवस हात पण लावत नाही. पण रविवार पूर्ण वाया जातो, झोप लागते पण पहाटे तीनला टक्क जाग, सोमवारी सगळ्यांवर चिडचिड. म्हणून श्रावणापासून दिवाळीपर्यंत बंद करायचं ठरवलंय, कायमचं नाही. गेल्या शनिवारी ट्रायल म्हणून नाही म्हटलं तर सगळ्यांचा एकच प्रश्न, गुड न्यूज? मूल आम्हाला सध्या नकोय आणि ते मला सगळ्यांना सांगत बसायचं नाहीये. नवरा घरी म्हणतो छान, कर बंद, आणि तिथे सगळ्यांसमोर म्हणतो अगं एक घे ना, मूड नको खराब करू. सासूबाईंना तर मी घेते हेच माहीत नाही. दिवाळीपर्यंत जाणंच बंद करावं असं वाटतंय, पण इंदूरात माझे म्हणावे असे हेच लोक आहेत. काय करू? – रामबागेतली एक सून"

अगं, ते जाणं बंद करायचं आधी डोक्यातून काढून टाक. तू कंटाळली आहेस रविवारच्या डोकेदुखीला, माणसांना नाही, मग शिक्षा माणसांना कशाला? आणि घरी बसून काय होणार ते मला आत्ताच दिसतंय, पहिला शनिवार एकदम छान, केसांना तेल, लवकर झोप, दुसऱ्या शनिवारी रात्री दहा वाजता सगळ्यांचे स्टेटस बघत बसणार, आणि तिसऱ्या शनिवारी अशी जाशील की मागच्या दोन्हींची भरपाई करून येशील. शिवाय तू दिसली नाहीस की गुड न्यूजची शंका पक्की, तीन महिन्यांनी लोक झबली-टोपडी घेऊन दारात.

आता एक गोष्ट विचारून घेते कारण ती विचारल्याशिवाय पुढे लिहिणं बरोबर नाही. तू आठवड्यातून एकदा घेतेस असं लिहिलंयस, मी ते खरं धरते, तसं असेल तर एकदम बंद करायला काही धोका नाही. पण हे वाचणाऱ्यांमध्ये कुणी रोज घेणारा असेल, सकाळी हात थरथरतात, घेतल्याशिवाय घाम फुटतो, असं असेल तर त्याने श्रावण आला म्हणून एका दिवसात बंद करायची नाही, आधी डॉक्टरकडे जायचं. रोजच्या पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं, आणि घरचे समजतात की देवाला सोडली म्हणून त्रास होतोय, सहन कर. सहन करायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. नुसतं बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास लागतो, आणि नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६. झालं, आता तुझ्याकडे येते.

पहाटे तीनची जाग. ही तुझ्या टेन्शनची नाही बरं का, याचा साधा हिशोब आहे. आपल्याकडच्या व्होडका-व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ६० मिलीच्या एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅमच्या आसपास साफ करतं, त्याला घाई करता येत नाही, लिंबूपाणी प्या, काळी कॉफी प्या, उलटी काढा, काही फरक पडत नाही. म्हणजे तीन लार्जला सहा ते आठ तास. नऊला सुरू केलीस, साडेअकराला शेवटचा, तर पहाटेपर्यंत ते चालूच आहे. अल्कोहोलने झोप पटकन लागते हे खरं पण रात्रीच्या पहिल्या भागात ते स्वप्नांची झोप दाबून ठेवतं आणि उतरायला लागलं की मेंदू उलटा खडबडून जागा होतो, तोंड कोरडं, छातीत धडधड, आणि नेमकं तेव्हाच ऑफिसमधलं काहीतरी आठवतं. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं म्हणून तेवढ्याच पेगला रक्तातलं प्रमाण नवऱ्यापेक्षा जास्त चढतं, त्यामुळे तो रविवारी उठून पोहे-जिलेबी आणायला जातो आणि तू पडून असतेस, यात तुझं काही नाजूकपण नाही.

बंद केल्यावर मिळतं काय, तर लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, चांगलं पिणारी पण व्यसनी नसलेली ९४ माणसं, एक महिना बंद, आणि महिन्याभरात त्यांचं वजन थोडं, बीपी थोडं आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, डायबिटीसकडे नेणारं) जवळपास पाव हिस्स्याने खाली आलं. एका महिन्यात, आणि बाकी खाणंपिणं-व्यायाम जवळपास तोच ठेवून. मला हे वाचून जरा आश्चर्यच वाटलं होतं. झोप मात्र पहिले काही दिवस उलट बिघडू शकते आणि गोड खायची तल्लफ येते, ते इंदूरात राहून कसं आवरायचं हे मला विचारू नकोस.

आता मुद्द्याचं, म्हणजे शनिवार.

तुमच्याकडे घरात बसणं होतं म्हणजे एक सीन दर वेळी असतो, आठवून बघ. सगळे आले, एसी लावला, कुणीतरी किचनमधून ट्रे घेऊन येतं आणि मोजतं, एक, दो, तीन... "कितने ग्लास लगेंगे?" तिथे तू बसलेली असलीस आणि "मला नको" म्हटलंस की सगळ्यांच्या माना वळतात, कारण तेव्हा दुसरं काहीच चाललेलं नसतं, बाटलीचं सील पण तुटलेलं नसतं. पूर्ण संध्याकाळचा अवघड भाग तेवढाच आहे, दहा मिनिटांचा. एकदा प्रत्येकाच्या हातात काहीतरी आलं की कुणाला कुणाच्या ग्लासात काय आहे याचं पडलेलं नसतं, अर्ध्या तासाने तर आपल्या ग्लासात काय आहे हेही पडलेलं नसतं. म्हणून ग्लास मोजले जातात तेव्हा तू सोफ्यावर दिसायचंच नाहीस. किचनमध्ये जा, काकडी काप, शेंगदाण्यात कांदा घाल, आणि बाहेर येताना तुझा ग्लास भरलेलाच घेऊन ये, सोडा, लिंबू, बर्फ, वर चिमूटभर जलजीरा. भरलेल्या ग्लासाला कुणी "घे ना" म्हणत नाही, रिकाम्या हाताला म्हणतात.

काय प्यायचं यावर फार डोकं लावू नकोस. आपली इंदुरी शिकंजी छान पण ती दूध-सुकामेव्याची दाट, तीन तास ती घेऊन बसलीस तर वेगळाच हँगओव्हर होईल. बाजारातली मॉकटेलं म्हणजे निव्वळ साखरेचा पाक. कोकम घरात असतंच तुमच्या, त्यात सोडा घाल, रंग पण असा येतो की लांबून कुणाला कळत नाही. झिरो बिअर बद्दल माझं मत जरा वेगळं आहे, काहींना चालते पण काहींना त्या चवीने खरीची आठवण जास्त येते, आणि आपल्याकडे अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेलं पेय नियमाने नॉन-अल्कोहोलिकमध्येच धरतात त्यामुळे कॅनवर ०.० लिहिलंय का ते बघून घे. आणि निघायच्या आधी सात वाजता घरी पोटभर काहीतरी खा. हे सगळ्यात महत्त्वाचं. उपाशी पोटी गेलं की भूक आणि तल्लफ एकच वाटायला लागते आणि मग समोर रतलामी शेवेची प्लेट नि बाटली दोन्ही असतं. तल्लफ आलीच तर ती पंधरा-वीस मिनिटांत उतरते, तेवढा वेळ बाल्कनीत जा, फोन कर, भजी तळ.

दुसरं, निघायची वेळ. पूर्वी निदान अहाते (दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) होते, शटर पडायचं. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून अहाते बंद झाले, आणि मला तरी वाटतं तेव्हापासून बसणं अजूनच घराघरांत नि फार्महाऊसवर सरकलंय, आणि घराला शटर नसतं. एक वाजतो, दीड वाजतो, तेच तेच किस्से परत, तोच कॉलेजमधला बुलेटचा किस्सा, ज्याला हसायला दोन पेग लागतात. न पिता तो तिसऱ्यांदा ऐकणं ही तपश्चर्या आहे, ती करू नकोस. साडेदहापर्यंतची पार्टी खरंच छान असते, माणसं मजेत असतात, बोलतात, ऐकतात पण. त्यानंतर तुझ्यासाठी तिथे काही नाही. म्हणून वेळेवर पोच, पहिल्यांदा पोच, आणि साडेदहाला सगळ्यांना उठव, "चला सराफ्याला".

मला माहिती आहे हे काय उत्तर आहे असं वाटेल पण ऐक. दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री तिथेच खाण्याची गर्दी, मध्यरात्र उलटेपर्यंत, सगळं शाकाहारी आणि दारूचा संबंध नाही, असं ठिकाण आपल्या गावात आहे आणि आपण ते फक्त पाहुणे आले की वापरतो. भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, हातभर जलेबा, ती वाफेवरची साबुदाणा खिचडी ज्यावर शेव-मिक्श्चर टाकतात (उपासाला चालते का यावर आमच्याकडे अजून एकमत नाही). आठ पैकी चार जण जरी उठले तरी तुझं काम झालं, उरलेले बसू देत. दोन-तीन शनिवार असं झालं की लोक आपणहून विचारतात, आज निघायचंय का. तू वडोदऱ्यात वाढलीस ना, गुजरातमध्ये दारूबंदी, निदान कागदोपत्री तरी, म्हणजे शेव-उसळीच्या गाडीवर उभं राहून रात्री बारापर्यंत हसत कसं बसायचं हे तुला मी शिकवायला नको. कॉलेजात असताना काय पिऊन हसायचात तुम्ही?

फार्महाऊसचं जरा वेगळं, तिथे रात्र काढायची असते आणि मधूनच उठून जाता येत नाही. तर जोवर जमेल तोवर फार्महाऊसच्या जागी दुसरं काहीतरी सुचवणारी तू हो. ग्रुपमध्ये प्लॅन कोण ठरवतं? जो पहिला मेसेज टाकतो तो. बाकीचे अंगठा दाखवतात. मंगळवारीच मेसेज टाक. पावसात पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज ट्रेन असते, २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेली, सीझनमध्ये चालू आहे का बघून बुकिंग कर, कालाकुंडचा कलाकंद खाऊन परत. मांडू तर आहेच, पावसाळ्यात जहाज महालाच्या दोन्ही बाजूंची तळी भरली की बाकी कशाची गरज लागत नाही. रात्र काढायचीच असेल तर महेश्वर. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या १९ धार्मिक ठिकाणी दारूची दुकानं नि बार बंद झालेत, त्यात उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आलं. डिक्कीत भरून नेणारे नेतातच, पण घाटावर संध्याकाळी बसल्यावर निम्म्यांना तरी लाज वाटते. आणि सानंदची, आपल्या इंदूरच्या मराठी संस्थेची, नाटकं असतात ना खंडवा रोडला विद्यापीठाच्या सभागृहात, पुण्या-मुंबईची, त्या शनिवारी सासूबाईंना घेऊन जा, तो शनिवार असाच गेला आणि घरात पुण्य जमा झालं ते वेगळं.

पण ड्रायव्हर होऊ नकोस. म्हणजे तुमची गाडी तू चालव, नक्की चालव, रक्ताच्या १०० मिलीला ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि तुझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या पेगला ती कधीच मागे पडलेली असते, पहिल्यांदा पकडलं तर दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल, किंवा दोन्ही. पण ही पीत नाही म्हणजे बाकी तिन्ही जोड्यांना महालक्ष्मी नगर ते राऊ सोडायला हिलाच पाठवा असं एकदा सुरू झालं की दिवाळीपर्यंत तू ग्रुपची टॅक्सी. पहिल्याच वेळी म्हण, आमची गाडी मी चालवते, बाकीच्यांनी कॅब करा.

आता श्रावण. तू श्रावणापासून म्हणतेस ते हुशारीचं आहे कारण "सावन चल रहा है" यावर इंदूरात कुणी वाद घालत नाही, अर्धा ग्रुप स्वतःच बंद करतो. पण यात एक गोची आहे जी आपल्या मराठी घरांना दर वर्षी होते. हिंदीवाल्यांचा सावन आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आणि राखीला संपतो. आपला अमावस्येनंतर लागतो आणि पोळ्याला संपतो. म्हणजे पहिले पंधरा दिवस ग्रुपमधले हिंदी मित्र बंद आणि तुझा नवरा "आपला अजून आषाढच आहे" म्हणून चालू (म्हणणार, बघशील), आणि राखी झाली की त्यांची सुटका, तुझे अजून पंधरा दिवस बाकी. खरी परीक्षा त्या राखीनंतरच्या दोन शनिवारी आहे, कारण महिनाभर थांबलेली मंडळी जोरात असतात आणि तुला म्हणतील "सावन तो गया, अब क्या?" तेव्हा म्हणायचं महाकालाची सवारी अजून निघतेय ना उज्जैनला, मग माझा पण चालू आहे. खोटं काही नाही त्यात, सवारी, म्हणजे महाकालाची पालखी, त्यांच्या भाद्रपदातल्या अमावस्येपर्यंत, म्हणजे आपल्या श्रावणाच्या शेवटापर्यंत निघतेच, आपल्याच पंचांगाने, शिंद्यांच्या वेळेपासूनचं आहे ते. तू सरळ त्यांच्या सावनपासून सुरू कर, म्हणजे पहिले पंधरा दिवस निम्मा ग्रुप सोबतीला मिळतो.

आणि गटारी करू नकोस. श्रावणाच्या आदल्या दिवशी तीन महिन्यांचं एकदम पिऊन घ्यायचं, हा प्रकार मला कधीच कळला नाही, पुढचा पहिला आठवडा तसाही अवघड असतो, त्यात अंगात तेवढं विष घेऊन कशाला उतरायचं.

पण श्रावणाच्या मागे दिवाळीपर्यंत लपता येणार नाही. गणपती, पितृपक्ष, नवरात्र, प्रत्येकाला नवीन देव पुढे केलास तर लोक हसतील आणि तुला स्वतःलाही कसंतरी वाटेल. पोळ्यानंतर सरळ सांग, झोप चांगली लागतेय म्हणून दिवाळीपर्यंत चालू ठेवलंय. एवढंच, याच्यापुढे एक शब्द नाही. लिव्हर, कॅलरी, जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते (२०२३ मध्ये त्यांनी सांगून टाकलंय की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही), हे सगळं खरं आहे पण पार्टीत बोलायचं नाही. समोरच्याच्या हातात ग्लास असताना तू कॅन्सरचं बोललीस तर तो तुझ्या तब्येतीचं ऐकत नाही, त्याला वाटतं तू त्याला बोलतेयस. पिणारा माणूस न पिणाऱ्याला आग्रह करतो त्यातला अर्धा आग्रह याचाच असतो, की ही आपल्याकडे बघून मोजतेय की काय. तू मोजत नाहीयेस हे त्याला दिसलं की आग्रह संपला. एखाद्याला बर्फ हवा असेल तर आणून दे, हसून दे, बास.

गुड न्यूजचं. हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा आपण काय विचारतोय तेच कळत नसतं, पुरुषाने सोडली तर "डॉक्टरने सांगितलं का रे" आणि बाईने सोडली तर सरळ पोटाकडे नजर. पहिल्यांदा हसण्यावारी ने, "असली तर ग्रुपवरच टाकीन, तू आधी चटणी पास कर". दुसऱ्यांदा विचारलं तर हसू नकोस, नुसतं "नाही" म्हण आणि विषय बदल. लाजलीस, चिडलीस किंवा जास्त खुलासा दिलास तर तेवढंच लोकांना पुरतं. आणि ग्रुपमधली जी तुझ्या जवळची असेल तिला आधीच फोन करून सांगून ठेव की मी दिवाळीपर्यंत बंद करतेय, असं काही नाहीये, आणि हा प्रश्न मला आवडत नाही, कुणी विचारला तर तू तिथेच थांबव. आपल्या वतीने दुसऱ्या बाईने "अरे छोड़ो ना उसको" म्हटलं की विषय जेवढा पटकन बंद होतो तेवढा आपण दहा वेळा म्हणून होत नाही. सासूबाईंपर्यंत गेलंच तर त्यांना पण तेच, नाही, असं काही नाही. तू घेतेस हे त्यांना सांगायचं की नाही हा वेगळा विषय आहे आणि तू तो विचारलेला नाहीस, म्हणून मी पण बोलत नाही. (त्यांना माहीत नसेल याची मात्र मला खात्री नाही, रामबागेतल्या सासवा रविवारी सकाळी सुनेचा चेहरा बघून सगळं ओळखतात.)

नवऱ्याशी बोलायचं ते शनिवारी गाडीत नाही आणि रविवारी भांडणात पण नाही, बुधवारी-गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी. तो वाईट नाहीये गं, त्याला भीती अशी असते की आता ही पिणार नाही म्हणजे माझं पण बंद होणार, किंवा ही कोपऱ्यात तोंड पाडून बसणार आणि सगळे मला विचारणार काय झालं. तर त्याला आधीच सांगून टाक की तू तुझं घे, मी काही बोलणार नाही. आणि ते पाळ, पेग मोजू नकोस, घरी आल्यावर "चार झाले तुझे" म्हणू नकोस. त्या बदल्यात दोनच गोष्टी माग. एक, सगळ्यांसमोर मला घे म्हणायचं नाही. दोन, मी उठले की उठायचं, शेवटचा एक म्हणून पाऊण तास नाही. या दोन गोष्टी तो पाळू शकला नाही तर मग तुझा प्रश्न दारूचा नाही, तेव्हा परत लिही, वेगळं बोलू.

ऑफिसच्या डिनरचं तू लिहिलं नाहीस पण आयटीत आहेस म्हणजे असणारच, तिथे सगळ्यात सोपं, सोडा-लाइम मागव, क्लायंटला तुझ्या ग्लासाशी काही देणंघेणं नसतं.

मध्येच कधी घेतलीस तर? समज गणपतीनंतर कुणाची ॲनिव्हर्सरी आहे, घेतला एक. ठीक आहे. आता सगळं मोडलंच तर घ्या अजून तीन, हे मात्र नको. इंग्लंडमध्ये जानेवारीभर बंद ठेवायची मोहीम आहे, ड्राय जानेवारी म्हणतात, २०१३ ला चार हजारांच्या आसपास लोकांनी सुरू केली, आता लाखोंनी करतात. ससेक्स युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्यांच्याकडे सहा महिन्यांनी परत चौकशी केली तेव्हा ज्यांचा महिना मध्येच मोडला होता त्यांचं पिणं पण आधीपेक्षा कमीच झालेलं निघालं. तेव्हा एका पेगने उपास मोडला वगैरे काही नसतं, पुढच्या शनिवारी परत कोकम-सोडा.

एक गोष्ट होईल ती आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. महिना-दीड महिन्यात तुला कळेल की आठातल्या दोघा-तिघांशी तुझं पेगशिवाय बोलण्यासारखं काहीच नाहीये. ती माणसं वाईट नाहीत, तू पण आखडू झालेली नाहीस, तेवढंच नातं होतं ते. त्यांच्यासाठी परत सुरू करू नकोस आणि त्यांना तोडू पण नकोस, वाढदिवसाला केक खाऊन ये. आणि जिच्याशी शनिवारी तीन तासांत कधी बोलणं झालं नव्हतं अशी एखादी बाई निघेल जी रविवारी सकाळी तुझ्याबरोबर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खायला तयार असेल, कारण ती पण पहाटे तीनला टक्क जागी असते आणि तिने कुणाला सांगितलेलं नसतं.

दिवाळीनंतर परत सुरू करायचं की नाही ते तू बघ, त्यात मी पडत नाही. पण केलंस तर हे लक्षात ठेव, तीन-साडेतीन महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते आणि आधी तीन लार्जला जे व्हायचं ते आता त्याहून कमीतच होऊ शकतं, त्यामुळे पहिल्या दिवशी जुन्या हिशोबाने घेऊ नकोस, ३० चा एक, भरपूर सोडा घालून, जेवून घेतल्यावर, आणि त्या रात्री कॅब आधीच बुक करून ठेव कारण तोपर्यंत नवऱ्याला तूच गाडी चालवणार याची पक्की सवय झालेली असेल.